असेंबल्ड घ्यायचा की ब्रँडेड?

(१९९० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्यातली वाक्यं फारशी न बदलता ठेवली आहेत.)



जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलं आहे. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला आपल्यापैकी कोण काय करायचं, ते समोर बसलेल्या सर-बाईंना अजून आठवत असणार. तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल मागच्या बाकावर जावं. सवयीचीच जागा आहे.

समितीने मला विषय दिला तो सरळ आहे. शाळेच्या संगणक कक्षासाठी आपण पैसे जमवले. त्यातून असेंबल्ड कॉम्प्युटर करून घ्यायचे, की ब्रँडेड विकत आणायचे? यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन आठवडे जे काही झालं ते तुम्ही वाचलंच आहे. पुण्यात आयटीत असलेले सगळे एका बाजूला, गावात राहिलेले सगळे दुसऱ्या बाजूला. शेवटी कुणीतरी लिहिलं, "अरे, ती इतकी वर्षं हेच करत आली आहे, तिलाच विचारा." म्हणून मी इथे उभी आहे.

बऱ्याच जणांना वाटतंय की मी "असेंबल्ड" असंच सांगणार, कारण माझं पोट त्यावर चालतं. म्हणून आधीच सांगून टाकते. या कामातली एकही वस्तू माझ्या दुकानातून घ्यायची नाही, असं मी समितीला लिहून दिलं आहे. आता मोकळेपणाने बोलता येईल.

लोणावळ्याच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. चिक्की घरी करायची की दुकानातून आणायची, हा वाद आपल्या घराघरांत झालेला आहे. घरी केली तर शेंगदाणे आपल्या पसंतीचे, गूळ आपल्या पसंतीचा. पण पाक एका क्षणात पुढे गेला की संपलं, आणि मग कुणाकडे तक्रार करणार? दुकानातली चिक्की बिघडली तर निदान डबा परत नेता येतो. आणि पावसाळ्यात दोन्ही सर्दतात. कॉम्प्युटरचंही जवळजवळ असंच आहे. ते सर्दण्याचं पुढे सांगते.

माझ्या वडिलांचं बाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरचे रेडिओ तिथे येऊन गेले आहेत. शाळा सुटली की मी दप्तरासकट दुकानात. वडिलांचा एक नियम होता. वस्तू उघडायची ती गिऱ्हाइकासमोर, आणि काढलेला खराब पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "त्याला कळलं नाही तरी चालेल," म्हणायचे, "पण त्याने बघितलं पाहिजे."

पुढे मी पुण्याला लोकलने जाऊन हार्डवेअरचा कोर्स केला. वर्गात बावीस मुलगे आणि मी एकटी. मास्तर मला विंडोज टाकायला बसवायचे आणि मुलांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचे. स्क्रूड्रायव्हर मी त्या सगळ्यांच्या आधीपासून धरत होते, पण ते सिद्ध करायला मला दोन महिने लागले.

पहिला कॉम्प्युटर मी १९९७ च्या दिवाळीत जोडला. सामान तापकीर गल्लीतही मिळायचं, पण सगळं एका दिवसात आणि चार दुकानांत भाव करून घ्यायचं तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जावं लागे. सकाळची सिंहगड पकडायची, दादरला उतरून ग्रँट रोड गाठायचं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मदरबोर्ड पिशवीत, हार्ड डिस्क ओढणीत गुंडाळून पर्समध्ये, आणि चौदा इंची मॉनिटरचा खोका मांडीवर. कर्जतला मागून इंजिनं लागून गाडी घाट चढेपर्यंत माझे पाय बधिर झालेले असायचे.

त्या काळात असेंबल्ड घेण्याला कारण एकच होतं, पैसा. माझ्या जुन्या वहीत जून १९९८ ची एक नोंद आहे. पेंटियम २३३, रॅम ३२ एमबी, हार्ड डिस्क २.१ जीबी, रंगीत मॉनिटर, एकूण ४१,५०० रुपये. तशाच ब्रँडेडला तेव्हा साठ हजारांच्या पुढे मागत होते. नोकरदार माणसाला हा फरक म्हणजे चार-पाच महिन्यांची बचत. लोक माझ्याकडे यायचे यात नवल नव्हतं.

ही नोंद ज्या कॉम्प्युटरची आहे, त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे. तो आपल्या विज्ञानाच्या सरांचा. सर पहिल्या रांगेत बसले आहेत.

सर त्या वर्षी निवृत्त झाले होते. पंचवीस वर्षं सायकलवरून हिंडून त्यांनी मावळच्या नोंदी केल्या होत्या. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, भाजे आणि बेडशाची लेणी, आणि गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. हे सगळं टाइप करून त्याचं पुस्तक करायचं, म्हणून फंडाच्या पैशांतून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. माझ्याकडून घेतला, कारण मी त्यांची विद्यार्थिनी.

कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एसएमपीएस म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून प्रत्येक भागाला पुरवणारा पत्र्याचा डबा. त्याला पंखा असतो, मागच्या बाजूला दिसतो. कॉम्प्युटरची जाहिरात करताना प्रोसेसर सांगतात, रॅम सांगतात, डिस्क सांगतात. एसएमपीएसचं नाव कुणी काढत नाही. तेव्हा चांगला एसएमपीएस सहाशे रुपये जास्त होता. मी सरांना सांगितलेल्या भावात तो धरला होता. पण बसवला तो कॅबिनेटबरोबर आलेला हलका. सहाशे रुपये माझ्या नफ्यात गेले.

सरांनी मला तेव्हा विचारलं होतं, "याची एखादी प्रत फ्लॉपीवर ठेवावी का गं?" मी म्हटलं, "सर, नवीन डिस्क आहे, काही होत नाही." तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

वर्षभर सर श्री-लिपीत दोन बोटांनी टाइप करत होते. १९९९ चा जुलै. आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. रात्री तीन-चारदा दिवे गेले आणि आले. सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. मी तो दुकानात आणला, एकटीने उघडला. एसएमपीएसमधला कपॅसिटर फुटला होता आणि मरताना त्याने हार्ड डिस्कच्या बोर्डावरची चिप जाळली होती. जळका वास कॅबिनेटभर होता.

मी सरांना सांगितलं, "वीज पडली असणार, सर." त्यांनी मान हलवली.

सरांनी पुन्हा वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पण ओव्यांची वही नव्हती. टाइप करून झाली, आता कॉम्प्युटरमध्ये आहेच, म्हणून ती त्यांनी रद्दीत दिली होती. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यातल्या बहुतेक तोवर वारल्या होत्या.

मागच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले आणि हे सगळं सांगितलं. सव्वीस वर्षं उशिरा. सर ऐकून म्हणाले, "मला वाटलंच होतं. त्याच खोलीतला टीव्ही चालू होता ना. वीज फक्त कॉम्प्युटरवर कशी पडेल? विज्ञान शिकवायचो मी." मग त्यांनी चहा सांगितला. आज हे इथे बोलायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

हे सांगण्यामागे रडगाणं गाण्याचा हेतू नाही. आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथेच मिळालं. असेंबल्ड कॉम्प्युटरची खरी वॉरंटी म्हणजे जोडणाऱ्याचा शब्द. तो खरा असेल तर त्यासारखी वस्तू नाही. तो खोटा निघाला तर घेणाऱ्याला दाद मागायला जागा नाही. सरांनी ब्रँडेड घेतला असता तर एका कंपनीचा एक फोन नंबर त्यांच्याकडे असता. त्यांच्याकडे फक्त मी होते.

आता एकेक मुद्दा घेते.

पहिला पैशाचा. १९९८ चा तो अठरा-वीस हजारांचा फरक आज साध्या कॉम्प्युटरमध्ये राहिलेला नाही. मोठ्या कंपन्या लाखांनी पार्ट उचलतात, विंडोजचा परवानाही त्यांना घाऊक भावात मिळतो. ऑफिसच्या कामाचा, शिक्षणाचा साधा कॉम्प्युटर आज सुटे भाग घेऊन जोडायला गेलात तर ब्रँडेडइतकाच पडेल, कधी थोडा जास्तच. जोडून फायदा होतो तो वरच्या कामाला. व्हिडिओ एडिटिंग, वास्तुविशारदांचं ड्रॉइंग, मुलांचे मोठे गेम. तिथे आपल्याला हवा तिथेच पैसा घालता येतो. तरी तेही बाजारावर आहे. २०२१ साली ग्राफिक कार्डांचे भाव असे चढले की माझ्याकडे आलेल्या मुलांना मी स्वतःच सांगत होते, बाबांनो, सहा महिने थांबा.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. नव्वदच्या दशकात असेंबल्ड जो स्वस्त पडायचा, त्यात एक वाटा चोरीच्या विंडोजचा होता. सगळे टाकायचे, मीही टाकून द्यायचे. शाळेत ते चालणार नाही. एक तर परवाना विकत घ्या, नाहीतर लिनक्स वापरा. लिनक्स फुकट आहे, मराठीत आहे, आणि शाळेच्या कामाला पुरून उरतं.

दुसरा मुद्दा वॉरंटीचा. ब्रँडेडला एक बिल, एक नंबर. तीन वर्षांची जागेवर येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी घेतली तर माणूस शाळेत येतो. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. प्रोसेसरची तीन वर्षं, एसएसडीची तीन किंवा पाच, रॅमची त्याहूनही जास्त. मुदती लांब आहेत, पण नक्की काय बिघडलं ते आधी तुम्हाला शोधावं लागतं, मग तो भाग काढून, बिल घेऊन, त्या त्या कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रावर जावं लागतं. ज्याला दोष शोधता येतो त्याला हे सोयीचं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी सात बिलं म्हणजे सात दारं.

तिसरा मुद्दा पार्ट बदलण्याचा. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात मिळणारे भाग घेऊन बनवला आणि त्याची रचना उघड ठेवली. त्यामुळेच जगभर आमच्यासारख्यांची दुकानं निघाली. पुढे १९९५ मध्ये बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांच्या मापांचं एटीएक्स नावाचं मानक आलं. त्या मापाचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या तशा कॅबिनेटमध्ये बसतो. असेंबल्डचा सगळ्यात मोठा फायदा हा. दहा वर्षांत मी एकाच कॅबिनेटमध्ये तीन बोर्ड बदलले आहेत. ब्रँडेडच्या छोट्या डब्यांत मात्र पुष्कळदा बोर्डाचं माप वेगळं, एसएमपीएसचा आकार वेगळा, प्लग वेगळे. बाहेरचं बसत नाही. लॅपटॉपमध्ये तर आता रॅमही बोर्डावर सोल्डर केलेली असते.

चौथा मुद्दा आपल्या गावाचा, आणि हा पुण्याच्या मित्रांना कळत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. भिंतींना ओल येते, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो, पंख्याला गंज चढतो, आणि उबेला म्हणून पाल कॅबिनेटमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यात माझ्याकडे "मेला" म्हणून आलेल्या कॉम्प्युटरपैकी पुष्कळसे फक्त रॅम काढून, खोडरबरने तिच्या पट्ट्या हलक्या हाताने पुसून, परत बसवून चालू होतात. आपलं शाळेतलंच खोडरबर. त्याला काहीही जमावं लागत नाही, फक्त उघडायला भिऊ नये. डबा असेंबल्ड असो की ब्रँडेड, ओल दोघांनाही सारखीच लागते.

आता थोडं मोठ्या घरांकडे बघू. हा वाद फक्त आपल्या ग्रुपवरचा नाही, देशानेही तो घातला आहे. १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून कॉम्प्युटर विकत आणला. देशातला तो पहिला. त्याच सुमाराला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या तरुणांनी ठरवलं, आपण आपला बनवू. प्रा. आर. नरसिंहन त्यात पुढे होते. व्हॉल्व्हवर चालणारं ते यंत्र १९६० च्या सुमाराला कामाला लागलं आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. पण तोवर जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं, आणि त्याच संस्थेने १९६४ मध्ये अमेरिकन कंपनीचा मोठा कॉम्प्युटर विकत आणला. मग आधीचे कष्ट वाया गेले का? माझ्या मते नाही. विकत आणलेल्या यंत्रापुढे त्या संस्थेतली माणसं अडाणी म्हणून उभी राहिली नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. १९८० च्या दशकात सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि अमेरिका हात आखडता घेत होती. हवामानाच्या कामासाठी एक मिळाला, तोही अटी घालून. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. आपण तेव्हा बारावीत होतो. पण एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. परममधल्या ट्रान्सप्यूटर चिप इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर परमसुद्धा असेंबल्डच. चिप विकतच्या. पण त्या शेकड्यांनी एकमेकींना कशा जोडायच्या आणि एकच काम सगळ्यांकडून कसं करून घ्यायचं, हे पुण्यातल्या डोक्यांचं. "स्वतः बनवला" याचा अर्थ प्रत्येक स्क्रू स्वतः पाडला असा कधीच नसतो.

आणि याच्याही आधी आपल्या मावळात हे झालेलं आहे. माणशी एक एक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. काच परदेशातून विकत मिळत होती. तरी तो निघाला, कारण काच करायला शिकलेली माणसं परदेशातून विकत मिळत नव्हती. तिथे शिकलेले लोक पुढे दुसरीकडच्या काच कारखान्यांत गेले. आपणही आता वर्गणी काढली आहे, म्हणून मला ते आठवलं.

आता आपल्या शाळेकडे येते. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिका बाईंकडून किल्ली घेऊन मी जुना संगणक कक्ष उघडला. २०१२ साली देणगीत मिळालेले दहा ब्रँडेड कॉम्प्युटर तिथे कापडाखाली आहेत. तीन वर्षं वॉरंटी होती तोवर चालले. मग एक बंद पडला, मग दुसरा, आणि कुणी उघडले नाहीत. मुलं तासाला येऊन बंद पडद्यांसमोर बसत होती. शेवटी खोलीलाच कुलूप लागलं. यात शाळेतल्या कुणाचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या पाठीवर "उघडल्यास वॉरंटी रद्द" असं चिकटवलेलं असतं, ती वस्तू सरकारी दप्तरात नोंद असलेल्या शिक्षकाने का उघडावी?

मी दोन शनिवार बसले. चार कॉम्प्युटर खोडरबर आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलून सुरू झाले. तीन दुसऱ्याचे भाग घालून सुरू झाले. हे जमलं, कारण दहाही एकाच मॉडेलचे होते. तीन खरोखर गेले आहेत. त्यांचे एसएमपीएस वेगळ्या मापाचे असल्याने बाहेरचे बसेनात. म्हणजे ब्रँडेडचा गुण आणि दोष मला एकाच खोलीत दिसला. आणि दहातले सात कॉम्प्युटर फक्त कुणी उघडत नाही म्हणून धूळ खात होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे.

आधी पैसा अर्थिंगवर, वायरिंगवर आणि यूपीएसवर. यावर फोटो काढून फलक लावता येत नाही, मला कल्पना आहे. पण आत्ता त्या खोलीत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तिथे मुलं बसणार आहेत.

शाळेच्या कार्यालयासाठी दोन ब्रँडेड, तीन वर्षांच्या वॉरंटीसह, विंडोजच्या परवान्यासकट. शालार्थची पगारबिलं, यू-डायसची माहिती, शाळा सोडल्याचे दाखले, हे काम एक दिवसही अडता कामा नये. तिथे कुणी प्रयोग करायचे नाहीत.

कक्षासाठी ते सात जुने, प्रत्येकात एसएसडी घालून आणि लिनक्स टाकून. जुन्या यंत्रात फिरती डिस्क काढून एसएसडी घातली की फरक लगेच दिसतो. आणि त्यांच्या जोडीला सहा नवे असेंबल्ड, सहाही अगदी सारखे, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लावता येईल. एसएमपीएस कुठला घ्यायचा ते मी सांगेन, भाव तुम्ही तीन ठिकाणी विचारून घ्या. बिलं शाळेच्या नावाने, एका फाइलमध्ये.

हे सहा मात्र दुकानात जोडून आणायचे नाहीत. नववीची मुलं ते शाळेत जोडतील. आधी त्या तीन मेलेल्यांवर हात बसवतील. उघडायचं, भाग ओळखायचे, काढायचे, परत लावायचे. तिथे काही मोडलं तरी बिघडत नाही. मग नवे. चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटात स्क्रूड्रायव्हर मुलींच्या हातातही जाईल, हे मी स्वतः बघेन. दर वर्षी नववीने सगळे कॉम्प्युटर एकदा उघडून साफ करायचे, जूनच्या आधी. काय काढलं आणि काय बदललं ते वहीत लिहायचं, खराब पार्ट शिक्षकांच्या हातात द्यायचा.

अमेरिकेतल्या आपल्या मित्राने ग्रुपवर विचारलं होतं, "यातून मुलांना नोकरी मिळणार आहे का?" मला माहीत नाही. कॉम्प्युटर जोडणं आज फार मोठी विद्या राहिलेली नाही. प्रत्येक प्लग एकाच बाजूने बसतो, लेगो जोडणाऱ्या मुलाला जमेल. पण बंद पडलेल्या वस्तूसमोर बसून, ही का बंद पडली हे एकेक करून तपासायचं, आणि चूक आपली निघाली तर "आपली आहे" म्हणायचं, हे त्या वयात शिकायला हवं. मी ते वडिलांच्या दुकानात अर्धंच शिकले होते.

या योजनेला पैसे पुरतात, हिशोब समितीकडे दिला आहे. कमी पडतात ते शनिवार. मी येईनच, पण मी एकटी पुरी पडणार नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोडला राहणारे आपण चौदा जण आहोत. लोकलने तासाभराचं अंतर. प्रत्येकाने वर्षातून चार शनिवार दिले तरी खूप झाले. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. मुलांबरोबर बसायला, बिलांची फाइल सांभाळायला, स्क्रू मोजायला माणसं लागतात. बाहेर टेबलावर कागद ठेवला आहे, त्यावर नाव आणि शनिवार लिहून जा.

आणि एक शेवटचं. घरी गेल्यावर तुमच्या कॉम्प्युटरमधल्या, मोबाइलमधल्या ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत त्यांची एक प्रत दुसरीकडे करून ठेवा. आजच रात्री. सरांच्या उरलेल्या सगळ्या वह्या मी पानन् पान स्कॅन केल्या आहेत. त्या आता तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात.

ओव्यांची वही गेली ती गेली. पण तुमच्या कुणाच्या आई, मावशी, आत्या, सासूबाई अजून असतील, आणि त्यांना जात्यावरचं काही आठवत असेल, तर मला सांगा. नाणे मावळ असो, पवन मावळ असो, आंदर मावळ असो, मी येऊन लिहून घेईन. सर म्हणाले आहेत, तेही बरोबर येतील.